वाढत्या मापाची चाकं

मराठी मध्यमवर्गीय घरात मुलांच्या वस्तू दोनच मापांच्या असतात. एक आखूड झालेल्या आणि दुसऱ्या वाढत्या अंगाच्या. नेमक्या मापाचं काही अंगाला लागतं ते थेट लग्नात, आणि तेही मुहूर्तापर्यंत घट्ट होतं. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायला जायचं, दुकानदाराने टोकावर अंगठा दाबून ‘दीड बोट जागा आहे, दोन वर्षं बघायला नको’ म्हणायचं, वडिलांनी समाधानाने पाकीट काढायचं आणि आपण टोकात कापूस कोंबून वर्षभर टपटप करत शाळेत जायचं, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दुसऱ्या वर्षी पाय बुटात नीट बसायला लागतो, तोवर बुटाचा तळ सुटलेला असतो. रेनकोट घोट्यापर्यंत. स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. गणवेशाच्या चड्डीला आतून तीन बोटं कापड राखून ठेवलेलं, जे सोडवेपर्यंत बाहेरचं कापड विटून जातं आणि मग चड्डीला खाली एक नवाकोरा निळा काठ येतो.

या थोर परंपरेला अजिबात भीक न घालणारी वस्तू मी आजवर एकच पाहिली. इनलाइन स्केट्स.

एका ओळीत चार चाकं, त्यांना धरणारी फ्रेम, फ्रेमवर बूट आणि बुटात पाय. पाय किंचित आत झुकवला की चाकं आतल्या कडेवर येतात, बाहेर झुकवला की बाहेरच्या. वळायचं, रेटा द्यायचा, थांबायचं, सगळा कारभार या झुकण्यावर चालतो. आता बुटात दीड बोट जागा राहिली, तर पाय झुकतो आणि बूट विचार करतो. त्याचा विचार पुरा होईपर्यंत समोरून कुणाची तरी अ‍ॅक्टिव्हा आलेली असते.

हे सगळं मला कळलं ते भाचीमुळे. ताई पुण्यात बाणेरला राहते. तिच्या सोसायटीत रोज संध्याकाळी सहाला पार्किंगमधल्या काही गाड्या हलवल्या जातात, चार शंकू मांडले जातात आणि गळ्यात शिट्टी अडकवलेले एक सर येतात. त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर ‘कोच’ असं लिहिलेलं असतं, त्यामुळे पालक समोरून आदराने बोलतात आणि मागून वाचून खात्री करतात. मुलांच्यात उतरंड आहे. सगळ्यात खाली ‘टेनॅसिटी’ नावाने मिळणारे साधे स्केट्स. त्याच्या वर क्वाड, म्हणजे पुढे दोन आणि मागे दोन चाकं. आणि सर्वात वर इनलाइन. ‘आमची मुक्ता इनलाइनवर गेली’ हे वाक्य लिफ्टमध्ये तिसरा मजला यायच्या आत उच्चारावं लागतं, कारण तिसऱ्यावर कुलकर्णी उतरतात आणि त्यांची नात अजून क्वाडवर आहे.

तर मुक्ता इनलाइनवर गेली. सरांचा पालकांच्या ग्रुपवर निरोप आला: ‘८० एमएम, पीयू व्हील, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, एबेक ७. प्लास्टिक चालणार नाही.’ ताईने तो मला पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तू शनिवारी मोकळा आहेस ना रे?’ मामा असल्यामुळे पैसे द्यायचा मान माझा होता. मत द्यायचा मान इतरांनी वाटून घेतला.

वास्तविक ही वस्तू आपल्याकडे यायचं काही कारण नव्हतं. १९७९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरात स्कॉट ओल्सन नावाच्या तरुणाला एका दुकानात एका ओळीतल्या चाकांचे जुने स्केट्स दिसले. तो आणि त्याचा भाऊ ब्रेनन बर्फावरचे हॉकीपटू. त्यांची अडचण अशी की उन्हाळ्यात बर्फ वितळतो आणि सराव बुडतो. मग भावांनी आईवडिलांच्या घराच्या तळघरात बसून ते स्केट्स सुधारले, चांगली चाकं आणि पक्के बूट बसवले आणि त्यातून ‘रोलरब्लेड’ ही कंपनी उभी राहिली. म्हणजे मूळ हेतू काय, तर बर्फ नसलेल्या महिन्यांत वेळ घालवणं. आपल्याकडे बारा महिने बर्फ नाही आणि त्या हॉकीशीही आपला काही संबंध नाही, पण एप्रिल-मेमध्ये मुलं घरात असतात. पुण्यातल्या आयांना एवढं कारण पुरलं.

दुकान शहराच्या मध्यवस्तीतलं, जुनं. बाहेर कॅरमबोर्ड टांगलेला, आत क्रिकेटच्या बॅटींचा वास. गल्ल्यावरच्या काकांनी आमच्याकडे न बघता विचारलं, “पाय आणलाय का?”

“म्हणजे?” ताई म्हणाली.

“लोक पाय घरी ठेवून येतात आणि नंबर सांगतात. मग बदलून द्या म्हणून परत येतात.”

पाय आणला होता. तो मुक्ताला जोडलेला होता आणि त्या क्षणी टेबल टेनिसच्या टेबलाखाली होता. त्याच्याबरोबर आई, म्हणजे मुक्ताची आजी होती. भावोजी होते. भावोजी चाकणला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहेत, आणि बेअरिंग घ्यायचंय एवढंच कानावर पडल्यामुळे खिशात व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले होते.

काकांनी खोकी मांडली. हजार-बाराशेपासून सुरुवात आणि वरच्या बाजूला अंत नाही. सगळ्यात स्वस्त जोडाच मुक्ताला सगळ्यात जास्त आवडला, कारण त्याच्या चाकांत दिवे होते. काकांनी काही न बोलता चाकावर अंगठ्याचं नख टेकवलं आणि दाबलं. टक्‌ असा आवाज आला. दुसऱ्या जोड्याच्या चाकावर तेच केलं. आवाज नाही, नख किंचित रुतल्यासारखं झालं आणि उचलल्यावर खूण हळूहळू विरली. “हे पीयू. पॉलियुरेथेन. हे रस्त्याला धरतं. ते पहिलं नुसतं प्लास्टिक. वाजतं जोरात, वळणावर सुटतं, पण लाइट लागते.” मुक्ताने दोन्ही बाजू ऐकून घेऊन लाइटच्या बाजूने कौल दिला. शेवटी पीयूच्या पुढच्या एकाच चाकात दिवा असलेला जोडा निघाला आणि तह झाला.

चाकावर दोन आकडे छापलेले असतात. एक व्यास, मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा कठीणपणा, त्याच्यापुढे ‘ए’ हे अक्षर. ८२ए म्हणजे तुलनेने मऊ, ८८-९० म्हणजे कडक. मऊ चाक खडबडीत जागेचा हादरा गिळतं आणि लवकर झिजतं. कडक चाक गुळगुळीत कोर्टावर टिकतं, पण रस्त्यावर आलं की दातांची परीक्षा घेतं. व्यासाचं असं की चाक मोठं तर वेग जास्त आणि खाचखळगा ओलांडणं सोपं, पण उंची वाढते, तोल अवघड होतो आणि छोट्या पायाला ते वजन पेलवत नाही. मुलांना ७०-७६, थोड्या मोठ्यांना ८०, आणि शर्यतीत उतरणाऱ्यांना ११०-१२५ असा साधारण हिशोब. सरांनी सरसकट ८० लिहिलं होतं. “सर सगळ्यांना ८०च सांगतात,” काका म्हणाले. “मागच्या वर्षी ७६ सांगत होते. तेव्हा माझ्याकडे ७६ चा स्टॉक होता.” या दोन वाक्यांत काही संबंध आहे का, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर चाक निवडताना खोक्यापेक्षा सोसायटीकडे बघावं. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळेच स्केट्स पळतात. आपल्याकडे मात्र बिल्डर लोकांनी पार्किंगपासून गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. दोन ब्लॉकांमधल्या फटीत वाळू भरायची असते, ती पहिल्या पावसात वाहून जाते, आणि मग प्रत्येक फट चाकाला स्वतंत्रपणे भेटते. लहान कडक चाकावर बसलेलं मूल त्या पट्ट्यावरून गेलं की त्याचं नाव विचारू नये, ते पाच भागांत सांगतं. ताईच्या सोसायटीत नशिबाने तळमजल्यावर सिमेंटचा कोबा आहे. सरांचा क्लास म्हणूनच तिथे चालतो.

मग बेअरिंग. इथे भावोजी पुढे सरकले.

एका चाकात दोन बेअरिंग, म्हणजे एका जोडीत सोळा. माप ६०८. भावोजींनी कॅलिपर लावून जाहीर केलं, “आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. बरोबर.” जगात सगळीकडे हेच माप असतं, त्यामुळे ते चुकणं कठीण होतं, पण कॅलिपर आणल्याचं सार्थक झालं. खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत ‘एबेक ७’ आणि त्याच्याखाली ज्वाळा काढलेल्या.

“ज्वाळा कशाच्या?” भावोजींनी विचारलं.

“स्पीड,” काका म्हणाले.

“एबेकचा स्पीडशी संबंध नाही. अमेरिकेतल्या बेअरिंग बनवणाऱ्यांच्या समितीची ती श्रेणी आहे. एक, तीन, पाच, सात, नऊ. माप किती काटेकोर आहे एवढंच ती सांगते. गोळ्या कसल्या आहेत, ग्रीस कसलं आहे, आडवा धक्का किती सोसेल, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. बघा, ८० मिलिमीटरचं चाक एका फेरीत पाव मीटर जातं. पोरगी ताशी १५ किलोमीटरने गेली तरी मिनिटाला हजार फेरे. हजार! घरातला मिक्सर चटणी करताना याच्या कितीतरी पट फिरतो.”

“मिक्सरला पण एबेक ७ असतं का?” आईने विचारलं. तिच्या मिक्सरचा आवाज हल्ली बदलला होता.

काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. दुकानात भावोजींसारखे लोक दर शनिवारी येत असावेत. मग म्हणाले, “साहेब, एबेक ९ पण आहे. सहाशे रुपये जास्त.” भावोजींचा चेहरा मी वाचला. आपण आत्ताच जे सिद्ध केलं ते पूर्ण खरं आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरीही ७ आणि ९ समोर ठेवल्यावर ७ घेऊन घरी जायचं म्हणजे काय, हेही ठाऊक होतं. कुलकर्ण्यांकडे ९ असेल तर?

त्यांनी सात घेतलं. मला त्यांचा अभिमान वाटला. उरलेल्या उत्साहात त्यांनी एक चाक एल कीने उघडून दोन बेअरिंगच्या मधली नळी, म्हणजे स्पेसर, आहे की नाही ते पाहिलं. हे मात्र खरोखर बघण्यासारखं असतं. स्वस्त जोड्यांत ही नळी गाळतात, मग बोल्ट जरा जास्त आवळला की बेअरिंग दाबलं जाऊन चाक जड फिरतं. एवढ्याशा नळीबद्दल खोक्यावर एक अक्षर नसतं. तिला ज्वाळा काढता येत नाहीत.

ब्रेकबद्दल आमच्यापैकी कुणी काही विचारलं नाही. कुणीच विचारत नाही, असं काकांचं म्हणणं. इनलाइनला ब्रेक एकच, बहुधा उजव्या टाचेमागे बसवलेला रबराचा ठोकळा. पाय पुढे काढून पंजा उचलायचा की ठोकळा जमिनीला घासतो. तो उतरून डाव्यालाही लावता येतो. प्रत्यक्षात सरांच्या क्लासमध्ये नवीन जोडा आला की पहिल्याच दिवशी ब्रेक उतरवला जातो, कारण तो वळताना अडतो आणि शर्यतीत कुणी वापरत नाही. त्याऐवजी ‘टी’ शिकवतात, म्हणजे मागचा पाय आडवा करून चाकं घासत थांबणं. ‘टी’ नीट यायला वेळ लागतो. तोपर्यंत मुलं खांब, डस्टर, पाण्याच्या टाकीची भिंत आणि वॉचमन भोसले यांचा उपयोग करतात. भोसल्यांना आता लांबूनच आवाजावरून कळतं आणि ते दोन्ही हात पसरून उभे राहतात.

थांबण्याची ही अडचण वस्तूच्या जन्मापासूनची आहे. जॉन जोसेफ मर्लिन हा आजच्या बेल्जियममध्ये १७३५ साली जन्मलेला कारागीर १७६० मध्ये लंडनला आला. घड्याळं, वाद्यं, यंत्रं यांत अतिशय हुशार. त्याने चाकांचे जोडे केले, आणि सोहोमधल्या कार्लाइल हाऊसमध्ये मिसेस कॉर्नेलिस यांची जी मुखवट्यांची मेजवानी असे, तिथे तो ते घालून गेला. नुसता नाही; व्हायोलिन वाजवत. थॉमस बझ्बी नावाच्या लेखकाने पुढे १८२५ साली ही हकिगत लिहून ठेवली आहे. वळायची आणि वेग आवरायची कसलीच सोय नसल्याने मर्लिनसाहेब थेट एका भल्यामोठ्या आरशावर गेले. आरसा पाचशे पौंडांहून जास्त किमतीचा, त्याचे तुकडे, व्हायोलिनचे तुकडे, आणि साहेब जबर जखमी. मला या माणसाबद्दल विशेष आदर आहे, कारण याच मर्लिनने पुढे बसल्याबसल्या हाताने चालवायची चाकांची खुर्चीही तयार केली आणि ती त्याच्या नावाने ओळखली गेली. स्केट्स आणि चाकांची खुर्ची ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली, यात एक क्रम आहे.

पुढे १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने पुढे दोन, मागे दोन चाकं आणि मध्ये रबराची गादी असा जोडा काढला. अंग झुकवलं की तो वळायचा. लोकांनी हुश्श केलं आणि शंभर वर्षांहून जास्त काळ एका ओळीतली चाकं बाजूला पडली. कुलकर्ण्यांच्या नातीचे स्केट्स म्हणजे प्लिम्प्टनचे वंशज. हे मी लिफ्टमध्ये एकदा त्यांना सांगणार आहे, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरेल एवढं ते आटोपशीर झालेलं नाही.

आता खरा प्रसंग आला. माप.

काकांनी मुक्ताला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं केलं, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिलने रेघ मारली आणि पट्टीने सेंटिमीटर मोजले. दोन्ही पाय. डावा किंचित मोठा निघाला. मोठा तो धरायचा. मोजायचं शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय जरा फुगतात. बुटाच्या आतल्या पट्टीवर इंग्लंडचा एक नंबर, अमेरिकेचा दुसरा, युरोपचा तिसरा असतो, आणि कंपनीगणिक ते इकडेतिकडे होतात. सेंटिमीटर मात्र सगळीकडे तेवढाच भरतो.

“एक नंबर मोठाच दाखवा हो,” आई म्हणाली.

“आजी, स्केट्सला मोठा चालत नाही.”

“वाढतं अंग आहे तिचं.”

“अंग वाढू दे. बूट मापाचाच लागतो.”

आई गप्प झाली. हे गप्प होणं माघारीचं नव्हतं. तिने या शहरातल्या तीन पिढ्यांच्या दुकानदारांना वाढत्या मापावर आणलेलं आहे.

काकांनी बूट पूर्ण उघडला. बकल मोकळी, नाडी सैल, जीभ पुढे ओढलेली. मुक्ताने पाय घातल्यावर त्यांनी तिची टाच जमिनीवर आपटायला लावली, म्हणजे ती मागे जाऊन बसते. मग आधी नाडी, खालून वर घट्ट करत. मग घोट्यावरचा तिरका पट्टा. आणि सगळ्यात शेवटी वरचं बकल. बहुतेक पालक आधी वरचं बकल फाडकन लावतात आणि आत टाच पोस्टाच्या पेटीतल्या पत्रासारखी कुठेतरी पडलेली असते. मुक्ता उभी राहिली.

“सरळ उभी राहा. बोटं पुढे लागतात?”

“लागतात.”

“लागतात!” आई म्हणाली. “बघ. आत्ताच लागतात.”

“आता गुडघे वाक.” मुक्ता वाकली. “आता?”

“आता नाही लागत.”

काकांनी आमच्याकडे पाहिलं. एवढंच बघायचं असतं. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर मागे सुटली पाहिजेत, कारण स्केटिंग गुडघे वाकवूनच करायचं असतं. त्या अवस्थेत टाच उचलून बघायची. ती आतल्या आत उचलली जाता कामा नये. घोटे आतल्या बाजूला कोसळत असतील तर एकतर बूट मोठा आहे किंवा त्याचा वरचा भाग लेचापेचा आहे, आणि अशा बुटात मूल कितीही शिकलं तरी बदकासारखंच चालतं. पंधरा मिनिटं घालून बसवायचं, कुठे काच पडतोय का विचारायचं. काका हे सगळं एका सुरात सांगत होते. बुटाच्या टोकावर त्यांनी एकदाही अंगठा दाबला नाही. टोक टणक होतं. अंगठ्याला तिथे काही कळलं नसतं.

वातावरण हलकं करावं म्हणून भावोजींनी हांगझोऊचा किस्सा काढला. २०२२ च्या आशियाई स्पर्धा करोनामुळे पुढे जाऊन २०२३ मध्ये झाल्या. त्यात पुरुषांची ३००० मीटर स्केटिंग रिले. दक्षिण कोरियाचा शेवटचा खेळाडू पुढे होता. रेषा येते न येते तोच त्याने आनंदाने दोन्ही हात वर केले. तेवढ्यात शेजारून तैवानच्या गड्याने डावा पाय जेवढा ताणता येईल तेवढा पुढे ताणला. तैवान ४ मिनिटं ५.६९२ सेकंद, कोरिया ४ मिनिटं ५.७०२. एक शतांश सेकंदाने सुवर्ण गेलं, आणि सुवर्ण मिळालं असतं तर सक्तीच्या लष्करी नोकरीतून जी सूट मिळायची तीही गेली. तिसरा आपला संघ. त्यात सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते, त्यामुळे भावोजींनी ती शर्यत फोनवर पुन्हापुन्हा पाहिलेली आहे.

आईने लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाली, “म्हणजे बुटाचं टोक आधी पोचलं म्हणून जिंकला?”

“हो.”

“आणि त्या हरलेल्या पोराचा बूट एक नंबर मोठा असता तर?”

दुकानात शांतता पसरली. भावोजींनी कॅलिपर खिशात ठेवला. क्रिकेटचे पॅड बघायला आलेले एक गृहस्थही थांबले. गणिताने आईचं बरोबर येत होतं.

“आजी,” काका म्हणाले, “बूट मोठा असता तर तो मागच्या वळणावरच बाहेर गेला असता. रेघेपर्यंत आलाच नसता.”

आणि मग त्यांनी, पन्नास वर्षांचा अनुभव असलेला माणूसच करू शकेल असं, फळीवरून आणखी एक खोकं काढलं. अ‍ॅडजस्टेबल. बुटाच्या बाजूला एक कळ. ती दाबून टोक ओढलं की बूट पुढे सरकतो. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस. आईने कळ दाबली. टोक पुढे आलं. सोडली. पुन्हा दाबली. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी यापूर्वी फक्त सोन्याचा भाव पडल्यावर पाहिलं होतं. कुणीतरी, कुठल्यातरी परक्या देशात, तिच्या मनातली वस्तू बनवली होती.

मुलांसाठी हा प्रकार वाईट नाही, हे मीही मान्य करतो. एक पथ्य मात्र आहे. आजचा पाय सगळ्यात लहान घरात घट्ट बसला पाहिजे. ‘चारही घरं पुढे आहेत’ म्हणून त्याहून मोठा पट्टा घेतला तर पुन्हा कापसाची वेळ येते. शिवाय कळ दाबून वाढते ती लांबी. रुंदी आणि घोट्याचा घेर जिथल्या तिथे राहतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या घरापर्यंत पाय लांबीला आनंदात आणि रुंदीला तक्रारीत असतो. मोठ्या माणसांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. आईला मी हे सांगितलं. ती कळ दाबत होती.

संरक्षणाच्या साहित्यात वाद झाला नाही, कारण सगळे दमले होते. जाळीच्या पिशवीत मिळणारा तो संच, हेल्मेट धरून सहा-सात तुकड्यांचा, बघायला भरगच्च असतो. पण त्यातली गुडघ्याची ढाल पहिल्याच पडण्यात घरंगळत पोटरीवर येते. ढाल हाताने खाली ओढून बघावी, सरकली तर परत द्यावी. आणि एकाच गोष्टीवर जास्त पैसे घालायचे असतील तर मनगटाच्या पट्ट्यांवर घालावेत. माणूस पडताना आधी हात टेकतो, मूल असो की मामा. हेल्मेट घेताना आईने ‘डोकंही वाढतं’ असा एक अंतिम प्रयत्न केला. हेल्मेटला मागे फिरवायची चकती होती. ती तिला दाखवण्यात आली.

जोडा घरी आला तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. हे आपल्याकडचं ठरलेलं आहे. शिबिर एप्रिलमध्ये सुरू होतं, टिकतंय का ते बघण्यात महिना जातो, मग खरेदी होते आणि लगेच पाऊस येतो. ओल्या कोब्यावर पीयू चाक तैवानला नेतं की हॉस्पिटलला, हे सांगता येत नाही, आणि बेअरिंगमध्ये चिखलाचं पाणी गेलं की दोन दिवसांत ते कुरकुरायला लागतं. एका बाबांनी स्केट्स बादलीत सर्फ घालून धुतले होते. ते पुढे शोकेसमध्ये ठेवण्याच्याच लायकीचे राहिले. पुसून, वाळवून, बेअरिंगला थेंबभर हलकं तेल द्यायचं, एवढंच करायचं असतं. चाकंही आतल्या कडेने जास्त झिजतात, म्हणून मधूनमधून या पायाची त्या पायाला आणि पुढची मागे अशी फिरवायची. भावोजींनी त्यासाठी तक्ता करून फ्रीजला लावला आहे. त्यावर सहीचा रकाना आहे.

आणि तरीही वर्षाच्या आत तिसरं घर लागलंच. मुलांचे पाय कळ बघून वाढत नाहीत. मात्र घट्ट मापाच्या वस्तूचा एक फायदा असा की ती फाटायच्या आत लहान होते. शाळेचे बूट कुणाला देण्याच्या अवस्थेत कधीच उरले नाहीत, स्केट्स उरतात. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर, पाणी येणार नाही आणि ‘बी विंगच्या लिफ्टमध्ये कुत्र्याने घाण केली आहे’ या दोन निरोपांच्या मध्ये, हल्ली आठवड्याला एखादी जाहिरात असते. जोडा ए विंगमधून बी विंगमध्ये, तिथून सी विंगमध्ये जातो. वर दिव्याचं चाक बंद पडत जातं, किंमत उतरत जाते. मुक्ताच्या स्केट्सवर आईने सांगलीच्या चुलतभावाच्या मुलीचं नाव केव्हाच घातलंय, म्हणून ते विकायचे नाहीत. बाकीच्यांचे येतात. परवाचीच बघा:

‘इनलाइन स्केट्स देणे आहे. अ‍ॅडजस्टेबल, ३० ते ३३. एबेक ९. कंडिशन उत्तम, फक्त पार्किंगमध्ये वापरलेले. हेल्मेट फ्री. विकण्याचे कारण: चेस लावले आहे.’

खाली सी विंगमधून कुणीतरी विचारलं होतं, ‘ब्रेक आहे का?’

उत्तर आलं, ‘ब्रेक सरांकडे.’